'एम' लिहून मोकळं होण्याआधी

प्रोटॉन एनएमआर म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल चुंबकीय क्षेत्रात टिपणारं तंत्र. त्याचा डेटा लिहिताना एखादा सिग्नल जरा जास्त रेषांमध्ये फुटला असेल, की पुढे 'एम' म्हणजे मल्टिप्लेट लिहून मोकळं होण्याची पद्धत सर्रास आहे. सॉफ्टवेअरमध्ये बटण असतंच, ते टीडी (ट्रिप्लेट ऑफ डब्लेट्स), डीडीडी अशी फुटण्याच्या नमुन्याची लेबलं लावून जे व्हॅल्यूही (शेजारच्या प्रोटॉनमुळे सिग्नल किती हर्ट्झने फुटतो तो आकडा) काढून देतं. पण ती कशावरून काढली, हे बटण सांगत नाही. म्हणून स्वतःच पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

आधार घेतला थॉमस होये यांच्या पद्धतीचा. १९९४ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत ती मांडली आणि २००२ मध्ये आणखी सोपी केली. कडेच्या रेषेची तीव्रता १ धरायची, बाकीच्या रेषा त्या मापात बसवायच्या. सगळ्यांची बेरीज २, ४, ८, १६ अशीच यायला हवी. मग डावीकडून क्रमांक द्यायचे, दुप्पट रेषेला दोन क्रमांक. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे सर्वांत लहान जे, तिसऱ्यापर्यंतचं म्हणजे त्यानंतरचं.

चाचणीला मेंथॉल घेतलं. ओएच ज्या कार्बनवर आहे त्याचा प्रोटॉन स्पेक्ट्रमच्या पट्टीवर ३.४ पीपीएमच्या आसपास सुटा दिसतो. सहा रेषा, प्रमाण १:१:२:२:१:१, बेरीज ८, म्हणजे तीन कपलिंग (तीन शेजारी प्रोटॉनांचा परिणाम). पहिल्या रेषेपासूनची अंतरं ४.३, १०.४, १४.७, २०.८ आणि २५.१ हर्ट्झ. पहिले दोन जे लगेच मिळतात, ४.३ आणि १०.४. १४.७ ही त्या दोघांची बेरीज, तेव्हा ती बाद. १०.४ वरच्या दुप्पट रेषेचा एक वाटा मात्र उरतो, तोच तिसरा जे. पडताळा म्हणून तिन्हींची बेरीज केली तर २५.१, सिग्नलची पूर्ण रुंदी. हिशोब चोख.

कागदावर हे सुरेख. खऱ्या स्पेक्ट्रममध्ये 'दुप्पट' रेषा कधी १.७ भरते, कधी २.२. दोन मोठे जे किंचित वेगळे असतील, तर मधली रेषा फुटत नाही, नुसती पसरते आणि बुटकी होते. उंची मोजली तर ती १.४ भरून १ मध्ये जमा होते, बेरीज ६ येते. अशा वेळी प्रोग्रॅमने अंदाज बांधू नये, सरळ थांबावं, असं ठरवलं. उंचीऐवजी क्षेत्रफळ घेतलं आणि केंद्राच्या दोन्ही बाजूंच्या जोड्यांची सरासरी काढली, तेव्हा गाडी रुळावर आली.

रेषा सुट्या करण्यासाठी गाऊसियन विंडो (कच्च्या सिग्नलला गुणायचं गणिती फलन) वापरली. रेषा छान टोकदार झाल्या, पण प्रमाण जास्त होताच त्यांच्या दोन्ही अंगांना खड्डे पडले आणि क्षेत्रफळांचा बट्ट्याबोळ झाला. त्यामुळे एकाच एफआयडीच्या (यंत्राने टिपलेल्या कच्च्या सिग्नलच्या) दोन प्रती ठेवल्या: रेषांच्या जागा टोकदार प्रतीतून, क्षेत्रफळं साध्या ०.३ हर्ट्झ ब्रॉडनिंगच्या (रेषा किंचित रुंद करणाऱ्या) प्रतीतून. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची युक्ती हीच.

नमुना कोरडा आणि आम्लमुक्त असेल तर ओएचचं कपलिंगही दिसू शकतं आणि गणित एकदम १६ वर जातं. ट्यूबमध्ये ड्यूटेरियमचं पाणी थेंबभर टाकून हलवलं की ते कपलिंग नाहीसं होतं. (नमुना ज्यात विरघळवला ते क्लोरोफॉर्म जड असल्यामुळे हा थेंब वरच तरंगत राहतो, मोजणीच्या आड येत नाही.)

मेंथॉलच्या रिंगमधल्या सीएचटूंपुढे मात्र या पद्धतीने हात टेकले. ते एकमेकांवर चढलेले आहेतच, शिवाय दोन सिग्नलमधलं हर्ट्झमधलं अंतर जे च्या दसपटीखाली येऊ लागलं की रेषा आतल्या बाजूला उंच होत जातात, आणि पुढे त्यांच्यातल्या अंतरांवरही विसंबता येत नाही. वरच्या फील्डचं यंत्र मिळालं तर थोडं सुटतं, कारण जे तेवढाच राहतो आणि अंतर वाढतं. नाहीतर पूर्ण स्पिन सिस्टिमचं (एकमेकांशी जोडलेल्या सगळ्या प्रोटॉनांचं) सिम्युलेशन, आणि तिथे दहा स्पिनलाच १०२४ अवस्था होतात.

तेव्हा त्या भागापुढे मीही 'एम' लिहिलं, सोबत पीपीएमची रेंज दिली. ३.४१ पुढे मात्र टीडी, १०.४ आणि ४.३ हर्ट्झ. त्यातले दोन मोठे जे सांगतात की हा प्रोटॉन अॅक्सियल (रिंगच्या पातळीला उभा) आहे, म्हणजे ओएच इक्वेटोरियल (पातळीलगत).