गव्हाला ताप आला

श्रावणातली सकाळ होती. दळणासाठी गहू काढायला म्हणून मी कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि दचकून बाहेर काढला. वरचा थर नेहमीसारखा गार, पण वीतभर खाली चक्क ऊब. निजलेल्या बाळाच्या पाठीखाली हात सरकवावा तशी. आईला हाक मारली. तिने बांगड्या वर सारल्या, हात घातला, मूठभर गहू काढून नाकाशी नेला आणि म्हणाली, "गव्हाला ताप आलाय गं."

दोष माझाच. आम्ही इंदूरच्या रामबागेतले मराठी. घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी आणि भांडण पेटलं की दोन्हींची खिचडी. पण वर्षाचा गहू भरण्याच्या बाबतीत पक्के माळवी. चैत्र-वैशाखात छावणीच्या मंडीतून पोती येतात, गच्चीवर जुन्या साड्यांवर गहू पसरतो आणि दोन-तीन कडक उन्हं खातो. दाणा दाताखाली 'कट्' वाजला तरच वाळला, हे आईचं यंत्र. मग जरासं एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा वाळका पाला घालायचा आणि पत्र्याच्या कोठीत भरायचा. यंदा ऐन वाळवणात अवकाळी सर आली. गहू भिजला नाही, नुसते शिंतोडे उडाले, असं मी परस्पर ठरवून टाकलं. कारण संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. दाताची परीक्षा न देताच गहू कोठीत गेला.

आणि तिथे तो श्वास घेत बसला. आपण धान्याला वस्तू समजतो. साखर, मीठ, गहू. पण गहू मीठ नाही. दाण्याच्या एका टोकाला इवलासा गर्भ असतो आणि तो जिवंत असतो. पुढच्या पेरणीपर्यंत तग धरायचा म्हणून शेजारचा पिठूळ डबा तो चिमटी-चिमटीने खात असतो. हवेतला ऑक्सिजन घ्यायचा, साखर जाळायची, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकायचं. दाण्यातली ओल बारा टक्क्यांच्या आत असली तर हे इतकं सावकाश चालतं की वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. ओल वाढली की श्वास वाढतो. श्वासातून पाणी सुटतं, त्या पाण्याने आणखी ओल, ओलीने आणखी श्वास. त्यात बुरशी आणि सोंडकिडे न बोलावता पंगतीला येतात, तेही श्वास घेतातच. सगळ्यांची मिळून जी धग होते, ती माझ्या कोपराला लागली होती.

फ्रान्समध्ये लाव्वाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी १७८३ च्या सुमारास हेच एका गिनीपिगवर मोजलं होतं. बर्फाने वेढलेल्या भांड्यात तो प्राणी ठेवायचा, किती बर्फ वितळतो ते पाहायचं आणि त्या प्राण्याएवढाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या जळत्या कोळशाशी ताडून बघायचं. दोन्हींचा हिशेब बराचसा जुळला. श्वसन म्हणजे संथ जळणं, असा त्यांचा निष्कर्ष. आईने बर्फाशिवाय, नुसत्या बांगड्या वर सारून तो काढला. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "आधी पंखा लाव."

मधल्या खोलीत साड्या अंथरल्या, गहू पसरला, पंखा पूर्ण वेगात. श्रावणात ऊन कुठलं? रात्री आम्ही दोघी त्याच खोलीच्या कडेला झोपलो. निवांत पडलेलं माणूसही साधारण १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता टाकत असतं. म्हणजे खोलीत आम्ही दोन बल्ब आणि भोवती एक क्विंटल बारीक बारीक दिवे. फरक इतकाच की आमचं इंधन तेच, आणि त्यांचं ते स्वतःच.

झोप येईना, तेव्हा बाबांची आठवण आली. मंडीत ते भावावरून तासभर घासाघीस करायचे. "भिया, लोकवन का ये भाव?" आणि घासाघीस कशाची, तर हवेची. दाण्याचा मोठा हिस्सा म्हणजे स्टार्च. त्यातला सगळा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला, आणि हवेत तो वायू दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. मातीतून खनिजं येतात, पण वजनात ती चिमूटभर. बेल्जियमच्या वॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात कुंडीत विलोचं रोप लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती दोन औंस घटली. त्याने श्रेय पाण्याला दिलं. हवेला द्यायचं त्याला सुचलं नाही, बिचारा. माघात माळव्याच्या शेतात ओंबीच्या लगेच खालचं पान उन्हाला तोंड करून उभं असतं आणि पर्णरंध्रांतून ही विरळ हवा आत ओढून तिची साखर करत असतं. त्यासाठी पाणी फोडतं. आपल्या नाकात जाणारा ऑक्सिजन त्या पाण्यातला उरलेला भाग.

जाता जाता पिंपळाचंही सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत त्यावरून दर पावसाळ्यात वाद होतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हा निरोप मोबाइलवर फिरत असतो. उजेड नाही तर पाणी फोडणार कशाने? रात्री पिंपळही आपल्यासारखा नुसता श्वास घेतो. दिवसाही घेतोच, पण तेव्हा दुसरं काम मोठं असतं म्हणून दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी दाणा 'कट्' वाजला. पोळ्यांना थोडा कुबट वास राहिला. आई बोलली नाही, पण वाढताना माझ्याकडे बघायची. त्या गव्हात जीव उरलाय की नाही, हे मात्र तिला बघायचं होतं. घटस्थापनेला तिने नव्या गव्हाला हात न लावता त्याच कोठीतली मूठ घटाभोवतीच्या मातीत पेरली. "देवी सांगेल काय ते."

देवघर अंधारं. चौथ्या दिवशी कोंब वर आले, कुठे दाट, कुठे टक्कल. फिकट पिवळे, लांबुडके. उजेडाशिवाय हिरवा रंग धरत नाही, म्हणून सगळी उंची डब्यातल्या शिल्लक पिठावर. कोंब वाढत होते आणि त्यांचं कोरडं वजन घटत होतं. ज्या दाण्यांनी श्रावणात तापात पीठ उडवलं, ते बोटभर येऊन थकले. काही मातीखालीच राहिले.

दसऱ्याला घट हलवला. उरलेली कुंडी आईने खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत खिडकीकडच्या पात्यांच्या टोकांवर हिरवी झाक आली होती. त्याआधीच खुडलेला पिवळा तुरा आईने माझ्या वेणीत खोवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी लग्न असलं तरी दाणा चावून बघ."