मॅनेज्ड मेट्रिक्स सेवेला कुबरनेटीस क्लस्टर जोडताना

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणारी प्रणाली. तिची मेट्रिक्स, म्हणजे मोजमापाचे आकडे, साठवण्याचं ओझं सेवा उचलते, पण काय पाठवायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. क्लस्टरमध्ये प्रोमिथियस (मेट्रिक्स गोळा करणारं साधन) एजंट मोडमध्ये, म्हणजे फक्त गोळा करून पुढे पाठवण्यापुरतं, चालवा आणि रिमोट राइटने (नेटवर्कवरून मेट्रिक्स पाठवायची त्याची सोय) डेटा सेवेकडे ढकला. एक्स्टर्नल लेबलमध्ये (पाठवलेल्या सगळ्या आकड्यांना जोडली जाणारी खूण) क्लस्टरचं नाव आधीच घाला, नाहीतर दोन क्लस्टरचे आकडे एकमेकांत मिसळतात.

खरी मेख आहे ती सीरिजच्या संख्येत. सीरिज म्हणजे एका मेट्रिकची, ठरावीक लेबलांसह, वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांची मालिका. प्रत्येक लेबलची प्रत्येक वेगळी व्हॅल्यू नवी सीरिज बनवते. युजर आयडी किंवा पूर्ण यूआरएल लेबलमध्ये गेला, की संख्या भराभर फुगते आणि बिलही. असली लेबलं अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधूनच काढा. नुसतं लेबल गाळलं तर दोन सीरिज एकसारख्या होऊन नमुने (एकेका वेळी मोजलेले आकडे) नाकारले जाऊ शकतात. नको असलेली मेट्रिक्स मात्र राइट रीलेबलमध्ये (पाठवण्याआधीच्या गाळणीच्या नियमांत) बिनधास्त गाळा. स्क्रेप (आकडे गोळा करणं) १५ ऐवजी ६० सेकंदांनी केलं की नमुने चौपटीने घटतात. मग रेटची (दर सेकंदाची सरासरी वाढ काढणाऱ्या फंक्शनची) खिडकी किमान ४ मिनिटांची ठेवा, कारण दोनपेक्षा कमी नमुने सापडले तर आलेख रिकामा दिसतो.

मेमरीचा अलर्ट वर्किंग सेटवर (सहज मोकळी करता न येणाऱ्या मेमरीच्या आकड्यावर) लावा. एकूण वापराच्या आकड्यात फाइल कॅशही मोजली जाते, त्यामुळे उगाच घंटा वाजते.