आमच्याकडे तर...

दुपारी दोनला पाँडिचेरीतली फ्रेंच वस्ती गाढ झोपते. पिवळ्या भिंती, मिटलेल्या खिडक्या, कुंपणावरून ओसंडलेली बोगनवेल आणि कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या: रू द्युमा, रू सुफ्रँ. फ्रेंच जाऊन सत्तर वर्षं होऊन गेली, दुपारची झोप तेवढी मागे राहिली. "पणजीत पण असंच असतं. जरा जास्तच," मी म्हणाले. नवऱ्याने नुसतं घड्याळात पाहिलं. गाडीतून उतरल्यापासून माझं हेच चाललंय म्हणे.

आता जिचं आजोळ वेंगुर्ल्याचं, तिने दुसरं काय करायचं? समुद्र दिसला की तोंडातून पहिले शब्द निघतात ते 'आमच्याकडे तर'.

संध्याकाळी अख्खं गाव समुद्राकाठच्या रस्त्यावर लोटलं. तिथे तेव्हा गाड्या बंद. लाल टोप्यांचे पोलीस, रडणारी पोरं, खोबरं घातलेले चणे विकणारे सुंडलवाले. आम्हीही खडकांपाशी बसलो, समुद्राकडे तोंड करून. पाणी करडं होत गेलं, मग काळं. सूर्य? तो पाठीमागे दुकानांच्या पाट्यांआड कधीच जाऊन बसला होता! पूर्व किनारा आहे, भूगोलात शिकले होते मी. पण सूर्याने समुद्रात बुडायचं नाही म्हणजे काय? आजूबाजूला कुणाचीच काही तक्रार दिसेना.

वेंगुर्ल्याला त्या वेळी आम्ही मुलं श्वास रोखून बसायचो. लालभडक सूर्य पाण्याला टेकला की चर्र आवाज येतो, तापला तवा नळाखाली धरल्यासारखा, असं थोरल्या मामेभावाने सांगून ठेवलं होतं. शिवाय अट अशी, की दिवसभरात ज्याने कुणाला चिमटा काढला नाही त्यालाच तो ऐकू येणार. धाकट्या मावसबहिणीला रोज यायचा. मला एकदाही नाही. मग दिवेलागणीच्या आत घर, पाय धुऊन शुभंकरोती, आणि शुभंकरोती चालू असतानाच तिला एक चिमटा.

तर पाँडिचेरी. तिथे गांधीजींच्या पुतळ्याभोवती उंच दगडी खांब आहेत, जिंजीहून आणलेले म्हणतात. जिंजी! राजाराम महाराजांची जिंजी! मी एकदम ताठ झाले. "खांबही तुमच्याकडचेच का?" नवऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. किल्ला महाराजांच्या आधीपासूनचा, आणि १७५० मध्ये फ्रेंचांनी घेतला तेव्हा मराठ्यांच्या हातून तो जाऊन पन्नास वर्षं उलटली होती, हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

फ्रेंच इथून गेले ते मात्र मतदानाने. १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूर गावात १७८ लोकप्रतिनिधी जमले. त्यातल्या १७० जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हाती आला. इथे 'आमच्याकडे तर' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पत्रादेवीची सरहद्द आजोळाहून फार लांब नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. आजोबांना त्या दिवसाचं विचारलं की ते "पाऊस होता" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

कीळूरच्या मतदानाला तेव्हा दहा महिने व्हायला तीन दिवस बाकी होते.