टर्मिनलमधला हीटमॅप: आधी मोजणी, मग रंग

आपल्या सगळ्या रेपोंतल्या (गिटने बदलांचा इतिहास ठेवलेल्या प्रकल्पांतल्या) वर्षभराच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलांचा) हीटमॅप, म्हणजे दिवसागणिक एक रंगीत चौकोन असलेलं चित्र, टर्मिनलमध्ये काढायला छोटी स्क्रिप्ट पुरते. रंगांचा भाग पटकन जमतो. खरी मेहनत मोजणीत आहे, कारण आकडे चुकले तरी चित्र तितकंच देखणं दिसतं.

रेपो शोधताना डॉट-गिट नावाचं फोल्डर धुंडाळतात. पण सबमॉड्यूल (रेपोच्या आत ठेवलेला दुसरा रेपो) आणि वर्कट्री (त्याच रेपोची दुसऱ्या फोल्डरमधली कामाची प्रत) यांत डॉट-गिट ही फाइल असते, त्यामुळे सबमॉड्यूल सुटतात. फाइलही धरली, तर वर्कट्रीची तीच हिस्टरी दोनदा येते. माझ्या मते फोल्डर आणि फाइल दोन्ही घ्यावं आणि दुबार नोंदी नंतर गाळाव्यात. शॅलो क्लोन (जुनी हिस्टरी न घेतलेली रेपोची प्रत) सापडला तर स्क्रिप्टने तसं स्पष्ट छापावं, नाहीतर काम केलेले महिने सुट्टीचे वाटतात.

गिट लॉगला 'ऑल' पर्याय दिला की स्टॅशही (कमिट न करता बाजूला ठेवलेलं अर्धवट काम) मोजला जातो, आणि एका स्टॅशमागे किमान दोन कमिट असतात. त्याऐवजी 'ब्रँचेस' आणि 'रिमोट्स' हे पर्याय द्या. मर्ज कमिट (दोन ब्रँच जोडणारे) वगळा.

तारीख ऑथरची, म्हणजे बदल मुळात लिहिला तेव्हाची, घ्या. रीबेस केलं (कमिट नव्या पायावर पुन्हा रचले) की कमिटरची तारीख, म्हणजे कमिट शेवटचा रचला तेव्हाची, बदलते आणि तीन आठवड्यांचं काम एकाच चौकोनात कोंबलं जातं. 'सिन्स' हा ठरावीक तारखेनंतरचे कमिट मागणारा पर्याय मात्र कमिटरच्या तारखेवर चालतो, म्हणून वर्षाची हद्द स्क्रिप्टमध्येच तपासा. रीबेसआधीची प्रत रिमोट ब्रँचवर राहिली असेल तर तिचा हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) वेगळा असतो. हॅशवरून गाळणी करून ती सापडणार नाही. ईमेल, ऑथरची सेकंदापर्यंतची वेळ आणि संदेशाची पहिली ओळ, या तिन्हींवरून गाळा. 'ऑथर' पर्याय दिलेलं नाव रेजेक्स (अक्षरांचा नमुना) मानतो, त्यात टिंबाला कुठलंही अक्षर चालतं. स्वतःच्या सगळ्या ईमेलची यादी ठेवून तंतोतंत जुळवणी करणं बरं.

आता रंग. टर्मिनलचं अक्षर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं, म्हणून एका दिवसाला पार्श्वभूमी रंगवलेल्या दोन स्पेस द्या. ५३ आठवड्यांना १०६ कॉलम लागतात, वारांच्या नावांसाठी आणखी चार. ८० कॉलमच्या खिडकीत ओळ मोडते आणि चित्र विस्कटतं. तिथे ३८ आठवडेच दाखवा.

२५६ रंगांच्या पॅलेटमध्ये २२, २८, ३४, ४० हे हिरवे चढत्या क्रमाने उजळतात. रिकाम्या दिवसाला २३६ हा करडा. हे गडद पार्श्वभूमीसाठी. पायऱ्या कमाल आकड्याचे चार समान भाग करून पाडू नका. एखाद्या दिवशी ६० कमिट झाले तर पहिली पायरी १५ पर्यंत जाते, आणि रोजचे ३ काय न् ८ काय, सगळे एकाच गडद रंगात बुडतात. शून्याचे दिवस बाजूला ठेवून उरलेल्यांचे चतुर्थक (क्रमाने लावून चार समसंख्य गट पाडणारे आकडे) काढा.

प्रत्येक ओळीच्या शेवटी रंगाचा रीसेट कोड हवाच, नाहीतर हिरवा रंग प्रॉम्प्टपर्यंत (पुढची कमांड लिहायच्या ओळीपर्यंत) पसरतो. आउटपुट पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामकडे) जात असेल तर रंगाचे कोड छापूच नका. तिथे तारीख आणि आकडा एवढंच छापा.