सार्वमत जिंकलं, नियम मात्र कौन्सिलमध्ये अडकला : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला आलात आणि तिथल्या स्टुडंट्स युनियनचा एखादा नियम बदलावा असं मनात आलं, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मतं मिळवणं हा त्यातला सोपा भाग आहे. सह्या, प्रचार, मतदान, निकाल हे सगळं आमचं भराभर उरकलं. त्यानंतर विद्यापीठाची मंजुरी यायला जो वेळ गेला, त्यात माझा प्रबंध लिहून, तपासून, जमासुद्धा झाला. अजून आठवलं की डोकं तापतं.

मागणी काही क्रांतिकारक नव्हती. युनियनच्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थ्यांसाठी काही जागा असतात. त्यांची निवडणूक मार्चच्या आसपास होते आणि निवडून आलेले उन्हाळ्यात पदावर बसतात. आम्ही सप्टेंबरात येणार, पुढच्या सप्टेंबरात जाणार. म्हणजे मार्चमध्ये निवडून आलो तरी पदाची खुर्ची गरम होण्याआधी आमचं विद्यार्थीपणच संपणार. फी पूर्ण, प्रतिनिधी शून्य. यातली एक जागा एक वर्षवाल्यांसाठी ठेवा आणि तिची निवडणूक ऑक्टोबरात घ्या, एवढंच आमचं म्हणणं.

महाराष्ट्रात कॉलेज केलेल्या माझ्यासारखीला हा सगळा प्रकारच नवा होता. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. त्यामुळे मी आयुष्यात कधी वर्गप्रतिनिधीलाही मत दिलेलं नव्हतं. गंमत अशी, की ब्रिटनमधला स्टुडंट्स युनियनांचा कायदाही (एज्युकेशन ॲक्ट) त्याच १९९४ सालचा. त्याचं कलम २२ जरूर वाचा, दोन पानांचं आहे आणि ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी ते वाचलेलं नसतं. गुप्त मतदान, पगारी पदावर एकूण दोन वर्षांहून जास्त कुणी राहायचं नाही, युनियनची लेखी घटना हवी, सगळं त्यात आहे. आणि आमचं घोडं जिथे पेंड खाणार होतं तेही त्यातच होतं : युनियनची घटना विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मंजूर केलेली असली पाहिजे.

सार्वमत मागायला सह्या गोळा करण्याआधी एक बघा. तुमचा नियम बाय-लॉजमध्ये (कामकाजाचे पोटनियम) आहे की आर्टिकल्समध्ये (युनियनची मूळ घटना)? बाय-लॉजमध्ये असेल तर नशीबवान आहात, युनियनच्या आतल्या आतच काम होतं. विश्वस्त मंडळाची रचना मात्र सहसा आर्टिकल्समध्ये असते. आमची युनियन कंपनी म्हणून नोंदलेली, आणि कंपनी कायदा २००६प्रमाणे आर्टिकल्स बदलायला विशेष ठराव, म्हणजे ७५ टक्के मतं लागतात. निम्म्याहून एक मत जास्त मिळालं म्हणून पेढे वाटायला जाल आणि तोंडघशी पडाल. किमान मतदानाचीही अट असते. आम्हाला विरोधाची भीती नव्हतीच, कोरमची होती. ‘नाही’ म्हणणारे मुळात कमी, ‘मला काय त्याचं’ म्हणणारे अमाप. लायब्ररीच्या दारात उभं राहून आम्ही लोकांना फोनवरून तिथल्या तिथे मत द्यायला लावलं. कोरम झाला, ७५ टक्क्यांच्या वर गेलो, फोटो काढले.

आणि मग शांतता.

निकालानंतर नवा नियम लगेच लागू होईल अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात कागद आधी विश्वस्तांकडे, मग विद्यापीठाच्या एका उपसमितीकडे, तिथून शिफारस झाली तर कौन्सिलकडे, म्हणजे त्या नियामक मंडळाकडे. कौन्सिल वर्षातून मोजक्याच वेळा बसते आणि बैठकीचे कागद कितीतरी आधी बंद होतात. आमचा कागद उपसमितीत आला तोवर कौन्सिलच्या त्या बैठकीची यादी बंद झालेली. ‘पुढच्या बैठकीत घेऊ.’ पुढची बैठक कधी? उन्हाळ्यात. ज्यांच्यासाठी नियम, त्यांचं वर्ष तिथेच संपत आलेलं! हे मी विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंना ईमेलमध्ये लिहिलं. ‘तुमची अडचण समजते’ असं छापील उत्तर आलं. इंग्रजांच्या देशात नकारसुद्धा इतका सभ्य असतो की भांडायला जागा मिळत नाही.

खरी गंमत पुढे. विद्यापीठाच्या कायदा विभागाने शंका काढली : ‘एक वर्षाचा अभ्यासक्रम’ म्हणजे नेमका कोणता? पार्ट-टाइम करणारे त्यात येतात का? प्रबंधाची मुदत वाढवून घेतलेला विद्यार्थी विश्वस्त म्हणून राहू शकतो का? शंका चुकीच्या नव्हत्या, हे मीही मानते. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे वाक्यात चार शब्द घालायचे. आता ज्या वाक्यावर हजारो विद्यार्थ्यांनी मत दिलं ते वाक्य मतदानानंतर कुणी आणि कुठल्या अधिकाराने बदलायचं? युनियनचे अधिकारी म्हणाले, बदललंत तर पुन्हा सार्वमत. विद्यापीठ म्हणालं, बदललं नाहीत तर मंजुरी अवघड. दोन्ही बाजू एकमेकींना अतिशय नम्र पत्रं लिहीत राहिल्या आणि प्रत्येक पत्राला उत्तर द्यायला कुणी ना कुणी रजेवर.

मध्येच एकाने चॅरिटी कमिशनची (धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) परवानगी लागेल अशी पुडी सोडली. युनियन धर्मादाय संस्था आहे हे खरं, पण आधी परवानगी लागते ती संस्थेचा उद्देश, विसर्जनानंतर मालमत्तेचं काय करायचं, किंवा विश्वस्तांना आर्थिक लाभ, अशा बदलांना. बिनपगारी जागेच्या निवडणुकीचा महिना यातल्या कशात बसतो? चॅरिटीज कायदा २०११चं कलम १९८ छापून नेलं, तेव्हा तो विषय मिटला. त्या दिवशी मी जरा जास्तच ताठ मानेने चालत होते.

सुटका झाली ती आमच्याच गटातल्या एका मुलीच्या डोक्यातून. ती म्हणाली, आर्टिकल्समधलं वाक्य मतदानात होतं तसंच मंजूर करा, आणि व्याख्या बाय-लॉजमध्ये टाका, त्याला सार्वमत लागत नाही. इतकं साधं! उपसमितीला हे पटायलाही वेळ लागला, पण पटलं. उन्हाळ्याच्या बैठकीत कौन्सिलने मंजुरी दिली. चर्चा, ऐकलं ते खरं असेल तर, जवळपास झालीच नाही.

म्हणून, तुम्ही करणार असाल तर मसुदा मतदानाच्या आधी विद्यापीठाकडे पाठवा आणि ‘या शब्दांना तत्त्वतः हरकत नाही’ एवढं लेखी घ्या. घ्याच. कौन्सिलच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला मागून घ्या आणि मतदानाची तारीख त्यावरून मागे मोजत ठरवा. परीक्षेच्या आठवड्यांत मतदान ठेवू नका, कोरम होणार नाही. कायद्याप्रमाणे विद्यापीठाला युनियनच्या घटनेचा आढावा जास्तीत जास्त पाच वर्षांनी घ्यावाच लागतो. तो जवळ आला असेल तर तुमचा बदल त्यातच घुसवता येतो का ते विचारा, निम्मी पायपीट वाचते. सह्यांबरोबर विद्यार्थी क्रमांक नीट लिहून घ्या, चुकीच्या क्रमांकाची सही बाद होते. मंजुरी मिळाली म्हणून गाफील राहू नका, बदललेली आर्टिकल्स कंपनीज हाऊसकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, १५ दिवसांत पाठवायची असतात. ते काम युनियनचं, पण आठवण करणारं कुणीतरी लागतं.

ती आठवण मी घरी परतल्यावर केली, स्वतःच्या ईमेलवरून. कोर्स संपला की विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो, तेव्हा सगळा पत्रव्यवहार आधीच उतरवून ठेवा.