सुप्रभात, ऑलिव्हर

दुपारचं जेवण झालं की फोनही सुस्तावतो. 'स्टोरेज फुल' म्हणत गप्प बसतो. आत डोकावावं तर कमळं, समया, वाफाळता चहा, आणि सगळ्यांच्या कपाळी 'शुभ सकाळ'.

साफसफाईची रीत सोपी आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. ५ एमबीहून मोठ्या फायली आणि ढीगभर वेळा फॉरवर्ड झालेलं, असे दोन गठ्ठे तिथे आयते बांधून ठेवलेले असतात. मात्र आधी ऑटो-डाउनलोड बंद करायचं. बरेच जण मोबाइल डेटावरचं बंद करतात, वायफायचं विसरतात. मग घरात पाऊल टाकलं की कमळं पुन्हा उगवतात. गूगलने डिसेंबर २०१७मध्ये काढलेल्या 'फाइल्स गो' या फोन साफ करणाऱ्या ॲपला तर खास आपली सुप्रभातं ओळखायला शिकवलं होतं. कौतुक मानावं की लाजावं, कोण जाणे!

खरी गंमत १९६८ सालची. संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं आकडेमोडीचं यंत्र, इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू व्हायला अजून दीड वर्ष होतं. अशात लिकलायडर आणि टेलर या दोघा अमेरिकन संशोधकांनी लिहिलं, की हे यंत्र माणसामाणसांत बोलणं घडवणार. प्रत्येकाच्या दिमतीला एक प्रोग्राम असेल. ऑलिव्हर सेल्फ्रिज या संशोधकावरून त्याचं नाव ठेवलं ऑलिव्हर. आपल्या लेखी कोण मोठा, कुणाचं काम आधी करायचं, कुणाला कोणती फाइल दाखवायची, हे सगळं त्याला ठाऊक. शिवाय माणूस जास्त सुखी होईल, कारण त्याच्या गाठीभेटी निव्वळ शेजारावर नाही, तर समान आवडीवर ठरतील.

फॅमिली ग्रुप बिचाऱ्यांच्या हिशेबातच नव्हता.

पण ऑलिव्हर खरोखर आला असता, तर त्याने पहिल्याच दिवशी ही कमळं केरात काढली असती. मजकूर शून्य, पाठवणारा रोजचाच. आणि तिथेच तो चुकला असता. संगणकांच्या नेटवर्कमध्ये 'कीप-अलाइव्ह' नावाचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटंसं पुडकं, असतं. त्यातही सांगण्यासारखं काही नसतं; पलीकडे कुणी आहे ना, एवढंच विचारायचं. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत हे चालू केलं आणि सेटिंग मूळचीच ठेवली, तर दोन तास शांतता सोसली जाते. मग दर ७५ सेकंदांनी एक, अशा नऊ हाका. उत्तर नाहीच आलं, तर जोडणी मेली असं धरतात.

आजोबांचं पॅकेट सकाळी सहाला येतं. साडेनऊपर्यंत दिसलं नाही, की ग्रुपवर एरवी तोंड न उघडणारंही कुणीतरी मुकाट्याने फोन लावतं.

५ एमबीवरचे व्हिडिओ मात्र खुशाल उडवा.