किती वर्षे एकत्र राहिले म्हणजे?

"किती वर्षे एकत्र राहिले म्हणजे कायद्याने नवरा-बायको होतात?" कौटुंबिक प्रकरणे चालवणारी वकील म्हणून हा प्रश्न मला पक्षकारांनी विचारला आहे, तसा लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनीही, आणि बहुतेकांनी पाच किंवा दहा वर्षे असा आकडा मनाशी धरलेला असतो. तुम्हीही विचारलेत म्हणून स्पष्ट लिहिते: असा आकडा आपल्या कायद्यात कोठेही नाही.

हा समज बहुधा न्यायालयांच्या एका गृहीतकातून पसरला असावा. १९७८ साली बद्री प्रसाद खटल्यात, सुमारे पन्नास वर्षे पती-पत्नी म्हणून नांदलेल्या जोडप्याचे लग्न झालेच असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. परंतु लग्न झालेच नव्हते हे पुराव्याने दाखवता आले, तर हे गृहीतक टिकत नाही. २००८ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने लग्नाविना बराच काळ एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही पोटगी मिळावी, या प्रस्तावास मंजुरी दिल्याची बातमी अनेकांना आठवते; त्याचा कायदा झाला नाही.

सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाविना एकत्र राहणे गुन्हा नाही, हे खुशबू खटल्यात २०१० साली स्पष्ट झाले. हक्कांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा 'विवाहसदृश संबंधा'तील स्त्रीला संरक्षण, निवारा आणि आर्थिक साहाय्य देतो. त्यासाठी दोघांनी एका घरात बराच काळ राहिलेले असावे, चारचौघांत पती-पत्नीसारखे वावरलेले असावे आणि दोघेही लग्नास पात्र, म्हणजे दुसऱ्या कोणाशी विवाहबद्ध नसलेले, असावेत. शेवटच्या अटीवर कितीतरी स्त्रियांचे दावे कोसळतात. इंद्रा शर्मा खटल्यात, २०१३ साली, पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला या कायद्याचा आधार मिळाला नाही. संसदेने या प्रश्नाचा विचार करावा, असे न्यायालयानेच त्या निकालात म्हटले. तो विचार अजून कायद्यात उतरलेला नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

साठी ओलांडलेल्या एक विधवा बाई माझ्याकडे आल्या होत्या. पुनर्विवाह केला तर पहिल्या पतीचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल, म्हणून त्या एका विधुर गृहस्थांसोबत लग्नाविना राहत होत्या. ते गेल्यावर तेराव्याच्या आतच पुतण्यांनी त्यांना घर सोडण्यास सांगितले. २००५ च्या कायद्यान्वये पुरुष जोडीदाराच्या नातेवाइकांविरुद्धही अर्ज करता येतो, त्यामुळे त्यांना बाहेर काढण्यास मनाई मिळाली. सदनिकेची मालकी मात्र पुतण्यांकडेच गेली, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यात सहचरीला वारस म्हणून स्थान नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, मुद्रांकाशिवाय आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करता येते, हे त्या दोघांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून असे जोडपे कोणत्याही कामासाठी आले, तरी मी पहिल्याच भेटीत दोघांनाही मृत्युपत्राविषयी विचारते.